आधी साचा, मग द्रव्य : मुंबई उपनगरांतील प्लॅस्टिक-व्यवसायाच्या इतिहासाचे एक प्रकरण

'कचकडे' हा शब्द मराठीत मूळचा कासवाच्या कवचाचा वाचक आहे. त्या कवचाच्या फण्या व डब्या होत असत. पुढे नायट्रो-सेल्युलोज आणि कापूर ह्यांच्या मिश्रणापासून बनविलेले सेल्युलॉइड बाजारात आले, तेव्हा त्याच्या वस्तूंनाही लोकांनी तेच नाव दिले. आणि 'कचकड्याची बाहुली' ह्या रूढ शब्दप्रयोगात कासवाचा मागमूसही उरला नाही. 'रेक्झिन' ह्या शब्दाची कथा अशीच आहे. हे मूळचे इंग्लंडमधील एका लेपित कापडाचे व्यापारी नाव. त्या कापडावरचा लेप नायट्रो-सेल्युलोजाचा असे. मुंबईच्या बाजारात पुढे रेक्झिन म्हणून जे विकले गेले, त्यावरचा लेप मुख्यतः पीव्हीसीचा. नाव जुने राहिले आणि त्याखालचे द्रव्य बदलले. प्लॅस्टिकच्या इतिहासाकडे वळणाऱ्या अभ्यासकास पहिली अडचण येते ती ही. बाजारातील नावावरून वस्तू कशाची हे कळत नाही, आणि व्यापाऱ्याच्या वहीत रासायनिक नाव क्वचितच सापडते.

प्रस्तुत लेखाचा विषय मर्यादित आहे. मुंबईच्या उपनगरांत, म्हणजे पश्चिमेस अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि पूर्वेस चेंबूर-घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत पसरलेल्या पट्ट्यात, कोणकोणती बहुवारिक द्रव्ये उद्योगात आली, कोणत्या क्रमाने आली, आणि तो क्रम तसाच का लागला, एवढेच येथे पाहावयाचे आहे. बहुवारिक म्हणजे लहान रेणूंच्या हजारो आवृत्त्या एकमेकींस जोडून झालेली दीर्घ साखळी. सर्व प्लॅस्टिके बहुवारिकेच होत, मात्र रबर, रंगातील रेझिने व कृत्रिम धागे हीही बहुवारिकेच असल्याने त्यांचा उल्लेख ओघाने येईल.

युरोप-अमेरिकेत सामान्यतः द्रव्य आधी व साचा मागाहून, असा क्रम दिसतो. बेकलंडने फिनॉल व फॉर्माल्डिहाइड ह्यांपासून बनविलेल्या रेझिनाचे पेटंट १९०७ मध्ये मागितले, १९०९ मध्ये ते जाहीर केले, आणि मग त्या द्रव्यासाठी कारखानदार शोधले. पॉलिएथिलीन १९३३ मध्ये इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीजच्या प्रयोगशाळेत जवळजवळ अपघाताने हाती लागले आणि त्याचे उपयोग नंतर निघाले. मुंबईच्या उपनगरांत हा क्रम उलटा झाला. येथे प्रथम साचे आले, दाबयंत्रे आली, ओतकाम करणारे कारागीर व माल उचलणारे व्यापारी आले. द्रव्य मात्र दीर्घकाळ गोदीतून येत राहिले. ह्या उलट्या क्रमाची खूण उपनगरांतील व्यवसायाच्या सर्व अंगांवर उमटलेली आहे, असे माझे प्रतिपादन आहे.

उपनगरांची भौगोलिक सिद्धता थोडक्यात सांगतो. पश्चिम मार्गावर कुलाबा ते बोरिवली विजेच्या गाड्या १९२८ च्या जानेवारीत सुरू झाल्या. साष्टीचा दक्षिण भाग १९५० मध्ये आणि दहिसर-मुलुंडपर्यंतचा उर्वरित भाग १९५७ मध्ये मुंबई महापालिकेच्या हद्दीत आला. म्हणजे ज्या दशकांत प्लॅस्टिकचे कारखाने येथे रुजले त्यांतील बराच काळ ही गावे शहराच्या हद्दीबाहेर होती. जमीन स्वस्त होती, गोदी व मांडवी-काळबादेवीचे बाजार रेल्वेने तासाभराच्या अंतरावर होते, आणि वीज उपलब्ध होती. प्लॅस्टिकच्या लहान कारखान्यास ह्याहून अधिक काही लागत नव्हते.

ह्या पट्ट्यात औद्योगिक प्रमाणावर प्रथम वापरले गेलेले मानवनिर्मित बहुवारिक द्रव्य कोणते, असा प्रश्न केल्यास उत्तर काहीसे अनपेक्षित येते. ते बहुधा चित्रपटाची फीत हेच होय. १९३४ मध्ये मालाडला बॉम्बे टॉकीज उभी राहिली, अंधेरीस प्रकाश पिक्चर्सचा स्टुडिओ होता, आणि १९४३ मध्ये गोरेगावात फिल्मिस्तान निघाले. त्या काळची फीत सेल्युलोज नायट्रेटची, म्हणजे कचकड्याच्याच जातीची, अत्यंत ज्वालाग्राही. तिच्या साठवणीसाठी १९४८ चे चित्रपट-फीत नियम करावे लागले, आणि ते पेट्रोलियमच्या कायद्याखाली करण्यात आले, ह्यातच सर्व आले. पन्नाशीच्या आरंभी सेल्युलोज ॲसिटेटच्या सुरक्षित फितीने तिची जागा घेतली. जुन्या फितींतील चांदी काढून घेण्यासाठी कितीतरी मूकपट नष्ट झाले. जे उरले त्यांपैकी पुष्कळसे पुण्यास ८ जानेवारी २००३ रोजी लागलेल्या आगीत गेले. चित्रपटाचा इतिहासकार ह्या घटनेकडे कलेची हानी म्हणून पाहतो, आणि ते योग्यच आहे. द्रव्याच्या इतिहासात तिचा अर्थ असा, की सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचे एक बहुवारिक स्वतःच्या अस्थैर्याने आपला पुरावा नाहीसा करीत होते. बॉम्बे टॉकीज पन्नाशीत बंद पडली, आणि तिचे मालाडचे आवार पुढे लहान लहान औद्योगिक गाळ्यांनी भरून गेले.

प्लॅस्टिक हा शब्द ज्या अर्थाने आपण वापरतो त्या अर्थाचे पहिले द्रव्य मात्र बेकलाइट. हे उष्मादृढ होय. एकदा उष्णता व दाब देऊन त्यास आकार दिला, की त्यातील साखळ्या एकमेकींस आडव्या बांधल्या जातात आणि पुन्हा कितीही तापविले तरी ते मऊ होत नाही. वीज त्यातून जात नाही. म्हणून विजेची बटणे, दिव्याचे होल्डर, प्लग, भांड्यांच्या मुठी ही त्याची मुख्य रूपे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात परदेशी माल दुर्मिळ झाला आणि विजेच्या किरकोळ सामानाची मागणी तर वाढत होती. तेव्हा मुंबईत दाबयंत्रावर काम करणाऱ्या लहान कारखान्यांची एक पिढी उभी राहिली. तिची संघटना, अखिल भारतीय प्लॅस्टिक उत्पादक संघ, १९४५ मध्ये मुंबईत स्थापन झाली. फिनॉल-फॉर्माल्डिहाइडची साच्यात घालावयाची पूड देशात बनविणाऱ्या आरंभीच्या कारखान्यांत कांदिवलीच्या पोईसर भागातील इंडियन प्लॅस्टिक्स लिमिटेड ह्या कंपनीची गणना होते. द्रव्य आणि साचा एकाच उपनगरात असल्याचे हे जवळजवळ एकमेव ठळक उदाहरण. बेकलाइटपुरता तरी क्रम सरळ लागू शकला असता. पण बेकलाइटचे राज्य येथे टिकले नाही.

ते का टिकले नाही ह्याचे पाठ्यपुस्तकी उत्तर असे, की पॉलिस्टायरिन, पॉलिएथिलीन इत्यादी उष्मामृदु प्लॅस्टिके रंगीत, हलकी व स्वस्त होती. हे खरे आहे, पण अपुरे आहे. उपनगरातील कारखानदाराच्या जागी उभे राहून पाहिल्यास दुसरे एक कारण दिसते, आणि माझ्या मते तेच निर्णायक ठरले. बेकलाइटची पूड साच्यात घालून सुमारे दीडशे ते पावणेदोनशे अंश सेल्सिअसला, जड दाबयंत्राखाली, द्रव्य पक्के होईपर्यंत दाबून धरावी लागते. वस्तू बिघडली तर ती फेकावयाची. कडेला आलेली चीप फेकावयाची. त्या द्रव्याला पुनर्जन्म नाही. पॉलिस्टायरिनचे तसे नाही. एका खोलीत मावणारे हाताचे यंत्र, विजेने तापणारी नळी, दांडा ओढताच पातळ झालेले द्रव्य साच्यात शिरते व काही क्षणांत निवते. साच्यापर्यंत द्रव्य नेणाऱ्या वाटांत जे घट्ट होते ते, आणि बिघडलेला नग, दोन्ही दळून पुन्हा नळीत टाकता येतात. कंगवे, बटणे, बांगड्या अशा लहान वस्तूंत वाटांतील द्रव्याचे वजन प्रत्यक्ष वस्तूच्या वजनाच्या तुलनेने पुष्कळच भरते. ज्याच्याजवळ खेळते भांडवल चार पोत्यांचे, त्याच्या दृष्टीने हे दळण म्हणजे दुसरे भांडवलच होते. उष्मामृदुता हा रसायनशास्त्रातील एक गुणधर्म. उपनगरातील गाळ्यात तोच पतपुरवठ्याचा प्रकार झाला. बाजारात अशा कच्च्या मालाला 'दाणा' म्हणतात, आणि दाण्याचे कोरा व दळलेला असे भेद आजही प्रत्येक व्यवहारात प्रथम विचारले जातात.

आता तारखांकडे पाहावे. प्लॅस्टिक मालाच्या निर्यातवाढीसाठीची परिषद १९५५ च्या जुलैत स्थापन झाली. पॉलिस्टायरिन ह्या पहिल्या महत्त्वाच्या कृत्रिम उष्मामृदु द्रव्याचे भारतातील उत्पादन किलाचंद घराण्याच्या पॉलिकेम कंपनीने, अमेरिकेतील डाऊ कंपनीच्या सहकार्याने, १९५७ मध्ये सुरू केले. म्हणजे साचेकऱ्यांची संघटना द्रव्याच्या बारा वर्षे आधीची, आणि निर्यात परिषददेखील दोन वर्षे आधीची. ज्या मालाचे मुख्य द्रव्य आपण अजून बनवीत नाही त्याच्या निर्यातीचा विचार करणारी संस्था निर्माण व्हावी, हे वरकरणी विचित्र वाटते. परंतु साचेकऱ्यांची संख्या व त्यांचे वजन त्या वेळी किती झाले होते, ह्याचा ह्याहून चांगला पुरावा मिळणे कठीण.

त्याच सुमारास परकी चलनाची टंचाई आली. १९५७ नंतर आयातीचे परवाने आखडले गेले आणि 'प्रत्यक्ष वापरकर्ता' म्हणून कोणास किती दाणा मिळावा हा व्यवसायातील मध्यवर्ती प्रश्न झाला. वाटा सामान्यतः यंत्रांच्या क्षमतेवरून ठरे. त्यामुळे मालापेक्षा यंत्रे अधिक, असे चित्र अनेक ठिकाणी दिसू लागले. परवाना हीच एक विक्रेय वस्तू बनली. ह्या काळाचा इतिहास केवळ उत्पादनाच्या आकड्यांवरून लिहिणे धोक्याचे आहे, कारण त्या आकड्यांत किती माल साच्यातून निघाला आणि किती कागदावरून, हे वेगळे करता येत नाही.

द्रव्य देशात बनू लागले तेव्हा ते कशापासून बनले, ही गोष्ट महाराष्ट्राच्या आर्थिक इतिहासाशी निगडित आहे. ह्या सर्व प्लॅस्टिकांचे मूळ एथिलीन हा वायू. तो अल्कोहोलातून काढता येतो, आणि खनिज तेलापासून मिळणाऱ्या नॅफ्थ्यातूनही. आरंभी आपल्याकडे अल्कोहोलाचा मार्ग पत्करला गेला. बंगालमधील रिश्रा येथे १९५९ मध्ये सुरू झालेले पॉलिएथिलीन अल्कोहोलापासूनच होई. उसाची मळी, मळीचे अल्कोहोल, अल्कोहोलाचे एथिलीन, एथिलीनचे प्लॅस्टिक अशी ही साखळी होती. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदीचा कायदा अमलात असताना अल्कोहोलाचा हा औद्योगिक उपयोग धोरणकर्त्यांस विशेष आकर्षक वाटला असल्यास नवल नाही. औद्योगिक अल्कोहोलावर सत्ता केंद्राची की राज्याची, हा वाद पुढे बरीच वर्षे चालला. किलाचंदांच्याच सिंथेटिक्स अँड केमिकल्स ह्या कृत्रिम रबर बनविणाऱ्या कंपनीच्या नावाने सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये राज्यांविरुद्ध दिलेला निर्णय नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २०२४ च्या ऑक्टोबरात फिरविला. तोपर्यंत प्लॅस्टिकाने अल्कोहोल केव्हाच सोडले होते.

कारण तुर्भ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी, माहुल भागात, १९५४ मध्ये स्टॅनव्हॅकचा आणि १९५५ मध्ये बर्मा-शेलचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला होता. युनियन कार्बाइडने ट्रॉम्बे येथे १९६१ मध्ये पॉलिएथिलीनचे उत्पादन आरंभिले आणि १९६६ च्या सुमारास देशातील पहिला नॅफ्था-भंजन कारखाना तेथेच उभारला. त्याची क्षमता वर्षाला सुमारे २०,००० टन एथिलीनची. १९६८ मध्ये खाडीपलीकडे ठाणे-बेलापूर मार्गावर मफतलाल व शेल ह्यांच्या नोसिल कंपनीचा सुमारे ६०,००० टनांचा कारखाना आला, आणि त्याच्या शेजारी जर्मनीतील होक्स्ट कंपनीच्या सहकार्याने घन पॉलिएथिलीन बनविणारी पॉलिओलेफिन्स इंडस्ट्रीज. घरातील पितळी कळशी व जस्ताची बादली ह्यांना जिने हटविले ती प्लॅस्टिकची बादली मुख्यतः ह्या घन पॉलिएथिलीनची. साठीच्या अखेरीस, इतिहासात प्रथमच, उपनगरातील साचेकऱ्याचा दाणा त्याच्या गाळ्यापासून दहा-वीस मैलांवर बनत होता. ही स्थिती दीड-दोन दशकेच टिकली.

ह्या मध्यंतराच्या काळात पीव्हीसीचा विस्तार झाला, आणि त्यावर थोडे अधिक लिहिणे अवश्य आहे. पीव्हीसी हे एकटे उभे राहू शकणारे द्रव्य नव्हे. नुसते तापविले तर ते मऊ होण्यापूर्वीच कुजू लागते व त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. त्यात शिशाची वा कथलाची स्थैर्यकारक संयुगे, मऊपणासाठी थॅलेट वर्गाची तेले, भर म्हणून खडूची भुकटी, रंग, असे सर्व मिसळावे लागते. म्हणून पीव्हीसीचा कारखाना हा पाकशाळेच्या जवळचा; कृती ज्याची त्याची आणि गुप्त. चेंबूरच्या अणिक भागात कॅलिको मिल्सच्या रसायन व प्लॅस्टिक विभागाने साठीच्या आरंभी पीव्हीसी बनविण्यास सुरुवात केली. विजेच्या तारांवरील वेष्टने, पादत्राणे, नळ्या, टेबलावरील आच्छादने आणि कृत्रिम चामडे ही त्याची रूपे. कुर्ल्यास प्रीमियर, कांदिवलीस महिंद्र अशा वाहनांच्या कारखान्यांमुळे तारा व बैठकींची आच्छादने ह्यांना हाताशीच गिऱ्हाईक होते.

कृत्रिम चामड्याच्या धंद्यात बोरिवलीस कारखाना असलेल्या भोर इंडस्ट्रीज ह्या कंपनीचे नाव अभ्यासकांस विशेष लक्षणीय वाटावे. नावात भोर संस्थानाची स्मृती आहे. पण भारतीय करकायद्याच्या विद्यार्थ्यांस ही कंपनी ठाऊक आहे ती एका निकालामुळे. कृत्रिम चामडे बनविताना तप्त रुळांमधून पीव्हीसीचा कच्चा पडदा निघतो व तो पुढे कापडावर बसविला जातो. हा पडदा विकला जात नाही. अबकारी खात्याचे म्हणणे असे, की तो प्लॅस्टिकचा पडदा होय, दरपत्रकातील पंधरा-अ ह्या बाबीत तो बसतो, सबब त्यावर स्वतंत्र कर द्यावा. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरविले, की दरपत्रकात नाव आले एवढ्याने पदार्थ 'माल' होत नाही. जो बाजारात त्या रूपात विकला जातो, अथवा विकला जाण्याजोगा आहे, तोच माल. पुढे १९९५ मध्ये लॅमिनेटच्या कारखान्यांत मधल्या टप्प्यावर तयार होणाऱ्या फिनॉल रेझिनाविषयीही न्यायालयाने हाच न्याय लावला. रसायनशास्त्राच्या दृष्टीने रुळांतून निघालेला पडदा व दुकानात मीटरने विकला जाणारा पडदा ह्यांत थोडाच भेद. कायद्याच्या दृष्टीने मात्र एक अस्तित्वात आहे आणि दुसरा नाही. प्लॅस्टिकचे 'प्रकार' कोणते, ह्या प्रश्नाला प्रयोगशाळा, बाजार आणि अबकारी खाते तीन निरनिराळी उत्तरे देतात, हे ह्या खटल्याने जितके स्पष्ट झाले तितके कोणत्याही पाठ्यपुस्तकाने केले नाही. इतिहासकारास हाती येणारे बहुतेक कागद तिसऱ्या उत्तराच्या भाषेत लिहिलेले असतात, हे विसरता कामा नये.

रबर व रंगरेझिने ह्यांची चाल निराळी. भांडुपचा सीएट कारखाना घ्या. मूळ कंपनी इटलीतील तुरीनची, नावाचा अर्थ विजेच्या तारांशी संबंधित. भारतीय कंपनी १९५८ ची. टायर हेही बहुवारिकच, आणि गंधकाने बांधलेल्या साखळ्यांमुळे बेकलाइटप्रमाणेच पुनर्जन्म नसलेले. पण येथे मिश्रण, विणकाम, साचा व परीक्षण सर्व एका कुंपणात चालते. लहान गाळ्याला त्यात जागा नाही. लालबहादूर शास्त्री मार्गावर घाटकोपर ते मुलुंड मोठ्या आवारांचे जे कारखाने होते ते ह्या वळणाचे. अंधेरी, जोगेश्वरी, गोरेगाव, कांदिवली ह्या बाजूस गाळ्यांचे प्राबल्य. रेल्वेच्या दोन मार्गांवर द्रव्याच्या दोन प्रकृती वाटल्या गेल्या, असे म्हटल्यास थोडी अतिशयोक्ती होईल, पण थोडीच.

गाळ्यांची ही व्यवस्था शासकीय धोरणाने पक्की केली. १९६२ च्या ऑगस्टात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले व मरोळ येथे त्याची वसाहत झाली. १९६७ मध्ये ४७ वस्तू लघुउद्योगांसाठी राखून ठेवण्यात आल्या. ही यादी वाढत वाढत आठशेंच्या पुढे गेली आणि तिच्यात प्लॅस्टिकच्या घरगुती वस्तूंचा भरणा मोठा होता. यादीतील शेवटच्या २० वस्तू २०१५ च्या एप्रिलात मुक्त झाल्या. ह्या धोरणाचे समर्थन रोजगाराच्या नावाने होत असे, व त्यात तथ्यही होते. दुष्परिणाम असा, की यशस्वी कारखानदारास एका यंत्रशाळेची दुसरी मोठी यंत्रशाळा करण्याऐवजी भावाच्या, मेहुण्याच्या नावाने तिसरा-चौथा गाळा घेणे सोयीचे झाले. साचा एकाचा, यंत्र दुसऱ्याचे, दाणा तिसऱ्याचा, आणि कड घासण्याचे व मोजून भरण्याचे काम आसपासच्या चाळींतील बायकांकडे नगाच्या दराने. ह्या शेवटच्या दुव्याची कोठेही नोंद नाही. कारखाने कायद्याखाली येणाऱ्या आकड्यांवरून उपनगरातील प्लॅस्टिक-कामगारांची संख्या सांगणारे लेखक ह्या बायकांना वगळूनच बेरीज करतात, आणि तशी बेरीज मला स्वीकारार्ह वाटत नाही.

व्यवसायात गुजराती, कच्छी व मारवाडी घराणी अधिक. मराठी नाव घ्यावयाचे तर ते आबासाहेब गरवारे ह्यांचे. भालचंद्र दिगंबर गरवारे ह्यांनी मोटारींच्या व्यापारातून ह्या क्षेत्रात प्रवेश केला. प्लॅस्टिकची बटणे, नायलॉनचे तंतू, पुढे पॉलिएस्टरची फिल्म असा त्यांच्या उद्योगाचा क्रम आहे; १९५७ मध्ये गरवारे प्लॅस्टिक्स कंपनी झाली, १९५९ मध्ये ते मुंबईचे शेरीफ होते, १९७१ मध्ये त्यांस पद्मभूषण मिळाले. कार्यालय विलेपार्ल्यास राहिले, मोठी उत्पादने मात्र पुणे व औरंगाबाद येथे गेली. म्हणजे वाढ झाली की उपनगर सोडावयाचे, हा नियम येथेही लागू झाला.

ह्या नियमामागे द्रव्याचे स्थलांतर आहे. १९७८ मध्ये बडोद्यास इंडियन पेट्रोकेमिकल्सचा १,३०,००० टन क्षमतेचा भंजन कारखाना सुरू झाला, आणि पॉलिप्रॉपिलीन हे नवे द्रव्य देशात तेथेच प्रथम बनले. नंतर नागोठणे, नंतर हाजिरा. ट्रॉम्बेचा वीस हजार टनांचा कारखाना ह्या मापात खेळणे ठरला; पुढे तो आणि नोसिलचा, दोन्ही थांबले. द्रव्य उत्तरेस गेले तसा साचाही त्याच्या मागे निघाला. मुंबईत नव्या उद्योगांवरील निर्बंध व जमिनीच्या वाढत्या किमती एकीकडे, दमण व सिल्वासा येथील करसवलती दुसरीकडे. वसई पूर्वेचे गाळे त्या वाटेवरचा मुक्काम. १९६८ मध्ये प्लॅस्टिक अभियांत्रिकीची केंद्रीय संस्था स्थापन झाली तीही मद्रासला, साचेकऱ्यांच्या ह्या सर्वांत मोठ्या वस्तीत नव्हे. माटुंग्याचे रासायनिक तंत्रविद्येचे विद्यापीठीय खाते १९३३ पासून रसायनज्ञ घडवीत होते, पण ते जात द्रव्याच्या कारखान्यांकडे; गाळ्यातील साचा करणारा कारागीर आपली विद्या उस्तादाकडून शिके. दोन विद्यांची गाठ क्वचितच पडली.

तिची गाठ न पडल्याचा परिणाम दळलेल्या दाण्यात दिसतो. ज्या गुणामुळे उष्मामृदु द्रव्ये येथे रुजली त्याच गुणाला मर्यादा आहे. प्रत्येक वेळी वितळविताना पॉलिप्रॉपिलीनच्या साखळ्या तुटून आखूड होतात, पॉलिएथिलीनच्या काही साखळ्या आडव्या जोडल्या जाऊन गाठी होतात, पीव्हीसी आम्ल सोडून पिवळे पडते. कोरा दाणा दळलेल्याशी कोणत्या प्रमाणात मिसळावा, कोणत्या द्रव्याची कोणत्याशी सरमिसळ होऊ देऊ नये, हे अनुभवाने कळे तेवढेच कळे. गाळ्यातील स्वतःचे दळण स्वच्छ असते. भंगाराच्या बाजारातून, विशेषतः धारावीतून, येणारे मिश्र असते; द्रव्य ओळखण्याची तेथील रीत जाळून वास घेण्याची, किंवा पाण्यात टाकून ते तरंगते की बुडते हे पाहण्याची. ह्या रीतीला हसू नये. पॉलिएथिलीन व पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलकी आणि पीव्हीसी जड, हे त्यामागील शास्त्र निर्दोष आहे. परंतु आखूड झालेली साखळी ना तरंगून कळते ना वासावरून. ती कळते वस्तू फुटल्यावर. अशा अनेकदा वितळलेल्या द्रव्याला शेवटी एकच रूप उरते, ते म्हणजे काळी वा रंगीत पातळ पिशवी, जी नंतर कोणीच वेचीत नाही, कारण तिचे वजन वेचण्याच्या श्रमाला पुरत नाही.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि नाले तुंबण्याचा दोष मुख्यतः ह्या पिशवीवर आला. २००६ च्या नियमांनी ५० मायक्रॉनहून पातळ पिशव्या महाराष्ट्रात वर्ज्य झाल्या. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने एकदाच वापरावयाच्या अनेक वस्तू आणि थर्माकोल, म्हणजे फुगविलेले पॉलिस्टायरिन, त्यांत गेले. त्या वर्षी गणेशोत्सवाची मखरे बनविणाऱ्यांची जी धांदल उडाली ती ह्या इतिहासाचाच भाग आहे. बंदी वस्तूवर घातली गेली. वस्तू अशी का झाली, तिच्यात कोणते द्रव्य कितव्यांदा वितळून आले होते, हा प्रश्न त्या चर्चेत फारसा कोणी विचारला नाही. पिशवी ज्या साखळीचा शेवट आहे तिचा आरंभ पन्नाशीतील परवान्यांच्या टंचाईत व चार पोत्यांच्या भांडवलात आहे, हे तेव्हाच्या नोंदी वाचल्याविना ध्यानात येणार नाही.

त्या नोंदी मात्र वेगाने नाहीशा होत आहेत. संस्थांची कार्यालये उपनगरातच राहिली आहेत. उत्पादक संघ मरोळच्या औद्योगिक वसाहतीत आहे, निर्यात परिषद अंधेरीतच. पण गाळ्यांच्या हिशेबवह्या कोणी जपलेल्या नाहीत. न्यायालयीन निकालांत मिळणारी उत्पादन-पद्धतींची वर्णने हाच सध्या सर्वांत सलग पुरावा. सर्वांत बोलका पुरावा खरे पाहता साचा हा होता. त्यावरून वस्तू कोणती, द्रव्य कोणते, यंत्र केवढे, एका दाबात नग किती, हे सर्व सांगता आले असते. साचा उत्तम पोलादाचा असतो. आणि वस्तू चालेनाशी झाली, की तो भंगारवाल्याकडे किलोच्या भावाने जातो.